कॉलेजचा बेसबॉल कॅम्प की आजीचं सहस्रचंद्रदर्शन?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत. लेक सोळाचा, आता दहावी संपेल. पाच वर्षांचा असताना शेजारच्या मुलाबरोबर टी-बॉलला गेला आणि तेव्हापासून आमच्या गाडीच्या डिकीत जी माती आली ती अजून निघालेली नाही. कॅचर आहे (क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखा). यंदा शाळेच्या मुख्य संघात आला.

मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका मोठ्या डिव्हिजन १ (कॉलेजच्या खेळांतली सगळ्यात वरची पातळी) कॉलेजाकडून त्याच्या नावानं ईमेल आलं. 'तुझा खेळ प्रत्यक्ष बघायला आम्हाला आवडेल.' जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवसांचा प्रॉस्पेक्ट कॅम्प (संघासाठी मुलं हेरायचं शिबिर). फी ४५० डॉलर. विमान, हॉटेल, भाड्याची गाडी धरून बापलेकांचे अठराशेच्या आसपास जातील.

आणि नेमकं त्याच आठवड्यात साताऱ्याला सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन.

नवरा म्हणतो, असं बोलावणं सगळ्यांना येत नाही, आईला मी समजावतो. (स्वतःच्या आईला, हे लक्षात घ्या.) मला मात्र त्या ईमेलात काहीतरी खटकतंय आणि नेमकं काय ते सांगता येत नाही. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी लिहा. भारताची तिकिटं या आठवड्यात काढावी लागतील.

खडूस_काका

काय खटकतंय ते मी सांगतो. ते बोलावणं नाही, पॅम्फलेट आहे.

एनसीएएचा (कॉलेजांच्या खेळांची नियामक संस्था) नियम असा की डिव्हिजन १ च्या बेसबॉल प्रशिक्षकाला मुलाशी भरतीबद्दल बोलायला अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत बंदी आहे. ना फोन, ना मेसेज, ना खासगी ईमेल. पण कॅम्पची जाहिरात त्याआधी कोणालाही पाठवायला मोकळीक. म्हणजे तुमच्या मुलाला जूनआधी त्या कॉलेजातून जे काही येईल ते नियमानंच जाहिरात असणार. दुसरी गोष्ट, नियमानुसार हे कॅम्प सगळ्यांना खुले ठेवावे लागतात. वय, इयत्ता, मुलगा की मुलगी आणि एकूण किती जण घ्यायचे एवढीच अट घालता येते. पैसे भरले की कोणीही 'प्रॉस्पेक्ट'.

आमच्या शेजारच्या मुलानं आठवीत बेसबॉल सोडला. त्याला अजून दर महिन्याला दोन कॉलेजं 'तुझा खेळ बघायला आवडेल' म्हणतात. तो आता ट्रॉम्बोन वाजवतो.

साताऱ्याला जा. कंदी पेढे खा.

डावखुरा

काका, नियम बरोबर सांगितलात, निष्कर्ष साफ चुकीचा.

आमचा मुलगा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). आम्ही टेक्सासात. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात त्याला असाच एका डिव्हिजन १ कॉलेजाच्या कॅम्पला घेऊन गेलो. असंच ईमेल, अशीच फी. तिथं काय होतं ते सविस्तर लिहितो, कारण इथे निम्मे लोक न बघताच बोलतायत.

सकाळी साडेसात. पाठीवर सेफ्टी पिननं नंबर लावलेली सव्वाशे मुलं. आधी साठ यार्डांची धाव, दोघादोघांच्या जोडीनं, शेवटाला स्टॉपवॉच घेऊन दोन माणसं. मग प्रत्येकाच्या जागेप्रमाणे गट. कॅचर असेल तर पॉप टाइम: चेंडू मिटमध्ये (कॅचरच्या हातमोज्यात) वाजल्यापासून सेकंड बेसवरच्या हातात पोचेपर्यंतचा वेळ. दोन सेकंदांच्या आत आला तर वहीतून मान वर होते. २.३ आला तर 'नेक्स्ट'. दुपारी बॅटिंग, रडार गनसमोर, आणि शेवटी सामना. आईबाप कुंपणाबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून. आत जायचं नाही, टाळ्यासुद्धा बेतानं.

त्या कॉलेजानं आमच्या मुलाला नंतर विचारलंही नाही. पण इन्फिल्डचा (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांचा) गट घ्यायला तीन पाहुणे प्रशिक्षक होते. मोठ्या कॉलेजांच्या कॅम्पला लहान कॉलेजांचे प्रशिक्षक काम करायला येतात, त्यांना त्याचं मानधन मिळतं आणि खरं तर ते स्वतःसाठी मुलं हेरत असतात. त्यातला एक ओहायोतल्या डिव्हिजन ३ (सगळ्यात खालची पातळी) कॉलेजाचा. त्यानं मुलाच्या पायांची ठेवण सुधारली, मुलानं 'असं का?' म्हणून विचारलं, दहा मिनिटं दोघं बोलत राहिले. चार दिवसांनी त्याचं ईमेल. डिव्हिजन ३ ला १ ऑगस्टची अट नाही. पुढच्या वर्षी जुलैत त्यांनी मार्कशीट प्रवेश कार्यालयाकडून आधीच तपासून घेतली आणि प्रवेशाचा अंदाज दिला. आज तिथे मेकॅनिकल करतोय, तिसऱ्या वर्षाला आहे, आणि खेळतोय.

त्यामुळे कॉलेजाचं नाव बघू नका. त्यांना ईमेल करून विचारा, कॅम्पवर कोणकोणत्या कॉलेजांचे प्रशिक्षक येणार आहेत? बहुतेक जण यादी देतात. त्या यादीत लेकाला झेपतील अशी चार कॉलेजं असली तर अठराशे डॉलर वसूल.

नर्मदे_हर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अवांतर: बेसबॉलमध्ये आपला तो रिंकू सिंग पण होता ना?

कट्टेकरी

केकेआरचा?? तो कधी बेसबॉल खेळला?

नर्मदे_हर

दुसरा हो! २००८ साली भारतात वेगानं चेंडू फेकायची स्पर्धा झाली होती, त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघं उत्तर प्रदेशातले भालाफेकवाले, बेसबॉल हातात धरलेला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघानं करार केला. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. बघा, कॅम्पबिम्प काही नाही.

खडूस_काका

डावखुरे, तुमच्या मुलाचं अभिनंदन, मनापासून. पण सव्वाशेतल्या एकाचा बाप इथे लिहितोय. बाकीचे एकशे चोवीस कुठे आहेत?

आता हिशेब. डिव्हिजन १ च्या बेसबॉल संघाकडे कित्येक वर्षं ११.७ शिष्यवृत्त्या होत्या. संघ ३५ चा, आणि त्या पावणेबारा वाटायच्या जास्तीत जास्त २७ जणांत. पाव शिष्यवृत्ती मिळाली तरी लोक पेढे वाटायचे. २०२५-२६ पासून जी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे द्यायच्या नव्या व्यवस्थेत आली तिथं शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, पण संघ ३४ वर बांधला. पैसे वाढू शकतात, खुर्च्या नाहीत. त्यातही दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन येणारी बावीस वर्षांची दाढीवाली मुलं आधी बसणार. डिव्हिजन ३ मध्ये आणि हार्वर्ड-येलवाल्या आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती मुळातच नाही.

आणि कॅम्पचा पैसा जातो कुठे? २०२३ पर्यंत या संघांत एक 'स्वयंसेवक' प्रशिक्षक असायचा, ज्याला कॉलेज पगार देऊच शकत नव्हतं. त्याची चूल मुख्यतः कॅम्पच्या फीवर पेटायची. आता तो पगारी झाला, पण कॅम्पची सवय सुटलेली नाही. मी त्यांना चोर म्हणत नाहीये. दुकान आहे म्हणतोय.

डावखुरा

शिष्यवृत्तीसाठी पाठवा असं मी लिहिलंय कुठे? डिव्हिजन ३ मध्ये गरजेप्रमाणे आणि मार्कांवर मदत मिळते, आणि प्रशिक्षकाला मुलगा हवा असेल तर प्रवेशाच्या वेळी शब्द टाकला जातो. आपली मुलं अभ्यासात बरी असतात. तिथंच खेळाचा उपयोग आहे. तुम्ही व्याजाचा हिशेब मांडताय, मी घराचा पत्ता सांगतोय.

मीनल_फिजिओ

मी इलिनॉयमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. पैशांचं तुम्ही बघा, मी खांद्या-कोपराचं लिहिते.

पिचरसाठी (चेंडू टाकणाऱ्यासाठी) निदान नियम आहेत. २०१४ मध्ये एमएलबी (इथली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉलनं चेंडूंची मोजदाद आखून दिली: १५-१६ वर्षांच्या मुलानं दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू, आणि ७५ च्या पुढे गेला तर चार दिवस विश्रांती. कॅम्पमध्ये मुलं काय करतात, तर शनिवारी क्लबचा सामना टाकून रविवारी रडार गनसमोर जीव तोडून फेकतात. गन काही विचारत नाही काल किती टाकलेस.

आणि कॅचरचे चेंडू कोण मोजतं? कॅम्पला पिचर चाळीस, कॅचर आठ-नऊ. मग त्या बिचाऱ्यांनी सकाळभर बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागी) उकिडवं बसून सगळ्यांचे चेंडू झेलायचे, प्रत्येक चेंडू परत फेकायचा, आणि दुपारी थकलेल्या हातानं पॉप टाइम द्यायचा. फी भरून हमाली. माझ्याकडे जून-जुलैत हे येतातच.

सोनचाफाताई, पाठवायचं तर आदल्या चार दिवसांत त्याचा एकही सामना नको. आणि त्याला सांगा, पॉप टाइम सकाळी घ्या म्हणून स्वतः विचार.

डावखुरा

मीनलताई, तुमचा मुद्दा मान्य. पण कॅचर कमी असतात हीच त्याची बाजू आहे. दिवसभर तोच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. पिचर कसाही टाको, कॅचर त्याच्याशी काय बोलतो, वाईट चेंडूनंतर तोंड वाकडं करतो का, हे प्रशिक्षक बघतात. शॉर्टस्टॉपला हा फायदा नाही.

हडसनकाठी

अर्जुन निम्मलाचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? फ्लोरिडातला तेलुगू घरातला मुलगा, वडील क्रिकेट खेळायचे. २०२३ मध्ये टोरंटो ब्लू जेज या व्यावसायिक संघानं नवे खेळाडू निवडायच्या पहिल्या फेरीत विसावा उचलला, वय सतरा! आपल्या मुलांनी स्वप्नंच बघायची नाहीत का?

खडूस_काका

निम्मला शाळेतून थेट व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेला. कॉलेजात खेळलाच नाही. उदाहरण कोणत्या बाजूचं आहे ते एकदा बघून घ्या.

अर्धवट_मराठी

हाय. मी २३ चा आहे, मराठी शाळेत शिकलो तेवढंच लिहितोय, चुका असतील.

मी तो मुलगा आहे. एकशे चोवीसमधला. सात कॅम्प केले. बाबा प्रत्येक वेळी जाळीला फोन लावून व्हिडिओ काढायचे, आणि माझ्या नावानं प्रशिक्षकांना ईमेल पण तेच लिहायचे. 'रिस्पेक्टेड सर' असं सुरू व्हायचं. सोळा वर्षांचा कोण असं लिहितो? एका प्रशिक्षकानं मला कॅम्पवर हसत विचारलं, तुझे बाबा बरे आहेत ना?

माझी साठ यार्ड ७.४ होती. पहिल्या कॅम्पला ७.४, सातव्याला ७.४. प्रत्येक वेळी 'गुड जॉब, बडी'. बडी म्हणाला म्हणजे पाठीवरचा नंबर पण बघितला नाही.

पण मला मजा आली हे पण खरं आहे. बाबांबरोबर गाडीत आठ-आठ तास. आम्ही दुसऱ्या कशासाठी एवढा वेळ एकत्र नव्हतो. मला राग नाही आहे. फक्त पाचव्यानंतर मला थांबायचं होतं आणि मला ते बोलता आलं नाही, कारण ते हॉटेल आधीच बुक करायचे.

काकू, तुम्ही एवढं लिहिलं, त्यात तो काय म्हणतो ते नाही आहे.

कट्टेकरी

धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. +१

सोनचाफा

अर्धवट_मराठी, तुझं वाचून पाच मिनिटं फोन उलटा ठेवून बसले. खरंच, आम्ही दोघांनीही त्याला विचारलंच नव्हतं. नवरा ठरवतोय, मी शंका काढतेय, आणि तो वरच्या खोलीत मिटला तेल लावतोय.

काल रात्री विचारलं. तर साहेबांनी फेब्रुवारीतच स्वतः पाच कॉलेजांना ईमेल केलेत, त्यातली चार डिव्हिजन ३ ची. 'रिस्पेक्टेड सर' नाही, तीन ओळी आणि एक व्हिडिओ. दोघांची उत्तरं आलीत. त्यातलं एक पेनसिल्वेनियातलं, आमच्यापासून दोन तासांवर. त्यांनी विचारलंय, इंग्रजी आणि गणितात किती आहेत, आणि ऑगस्टमधल्या एका दिवसाच्या कॅम्पला येतोस का? फी १४०. आम्हाला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणे, 'बाबा लगेच हॉटेल बुक करतील.' (शपथेवर सांगते, त्यानं हा धागा वाचलेला नाही.)

नॉर्थ कॅरोलिनाचं ईमेल त्याच्या संघातल्या अकरा जणांना आलंय. अकरा.

साताऱ्याची तिकिटं काढली. नवरा धुसफुसतोय.

डावखुरा

ऑगस्टचा कॅम्प उत्तम. तरीही जूनचा सोडून चूक करताय. १ ऑगस्टला डिव्हिजन १ वाल्यांचे फोन सुरू होतात ते आधी डोळ्यांनी बघितलेल्या मुलांना. लेकाचा पॉप टाइम किती आहे?

सोनचाफा

२.०८. त्यानंच सांगितलं, मला विचारून उपयोग नाही.

डावखुरा

२.०८?? सोळाव्या वर्षी? ताई, तिकिटं रद्द करता येतात का बघा.

खडूस_काका

पेटला परत. ताई, लक्ष देऊ नका. फक्त एक सांगा, महिनाभर साताऱ्यात त्याला चेंडू कोण टाकणार?

सोनचाफा

धाकटे दीर. जिल्ह्याकडून विकेटकीपर होते. फोनवर सांगितलं, तर म्हणाले, 'पॅडबिड घालून, मुखवटा लावून कीपिंग? येऊ दे त्याला. आधी उभं राहून झेलायला शिकवतो.'