मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या घरात कमोडशेजारी जेट स्प्रे बसवायचाय

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी रेडिंगला घर घेतलं. कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे माळ्यावर टाकी नाही, सगळं पाणी थेट मेनचं. पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, वाकून टमरेल घेणं तिला जमत नाही. म्हणून मागच्या वेळी पुण्याहून जेट स्प्रेच घेऊन आलो. वाटलं, फ्लशच्या लाइनला एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडली की झालं.

पहिला प्लंबर बघून गेला तो गेलाच, फोन उचलत नाही. दुसरा म्हणाला, नियमात बसत नाही, मी हात लावणार नाही. त्यानं सांगितलं ते असं: १९९९ च्या वॉटर फिटिंग्ज नियमांत पाण्याचे ५ वर्ग आहेत आणि कमोडमधलं पाणी पाचव्यात, सगळ्यात घातक. स्प्रे कमोडमध्ये लोंबत राहिला आणि तेवढ्यात रस्त्यातली लाइन फुटली, तर दाब कमी होऊन ते पाणी उलटं मेनमध्ये ओढलं जाऊ शकतं. म्हटलं, डबल चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी दुहेरी झडप) टाकू. तर म्हणे, तो व्हॉल्व्ह तिसऱ्या वर्गापर्यंतच चालतो.

बाबा फोनवर म्हणाले, "अरे, आपल्याकडे घरोघरी आहे. कोणाला काय झालं?" मला उत्तर सुचलं नाही. इकडे कोणी रीतसर बसवून घेतलाय का?

लीड्सवाला: गुपचूप बसवा हो. किट ऑनलाइन सर्रास मिळतात. आमच्याकडे आठ वर्षं आहे.

गळकानळ: किट विकायला बंदी नाही, चुकीचं बसवणं गुन्हा आहे. लीड्सवाले, तुमच्या शेजाऱ्यांसाठी तरी काढा तो.
बाबांच्या प्रश्नाचं उत्तर गच्चीवर आहे. टाकीत पाणी वरून पडतं, नळाचं तोंड पाण्याला टेकत नाही. पाचव्या वर्गाला हीच मधली हवा (एअर गॅप) लागते, झडप नाही. घाण उलटी आलीच तर टाकीपर्यंत येईल, गावाच्या लाइनीत नाही. (त्याच टाकीचं पाणी पुढे बेसिनलाही जातं, ते सोडा.)
आमच्याकडे बेसिनखाली छोटी ब्रेक टँक (तशीच वरून पाणी पडणारी वेगळी टाकी) आणि पंप आहे. नियमात बसतं, पण रात्री कोण उठलंय ते घरभर कळतं. दुसरा मार्ग इलेक्ट्रिक बिडे सीट, म्हणजे धुण्याची धार सीटमधूनच येते. आत एअर गॅप आहे आणि पाचव्या वर्गाला चालते, हे लेखी बघून घ्या. दुकानदार नुसतं "व्हॉल्व्ह आहे" म्हणाला तर नको. कमोडपाशी वीज आणावी लागेल, ते काम इलेक्ट्रिशियनचं. आईंना मात्र सीटच सोयीची, हात मागे न्यावा लागत नाही.
काहीही ठरवा, आधी पाणी कंपनीला कळवा. नळीचा बिडे, म्हणजे आपला जेट स्प्रे, त्यांच्या आधी कळवायच्या कामांच्या यादीत आहे. १० कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. त्याआधी काम सुरू करू नका.

रेडिंगकर (धागाकर्ता): खूप आभार. टाकीचं बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग माळ्यावर एक टाकी टाक की!" हसणार होतो, पण फक्त स्प्रेपुरती वेगळी छोटी टाकी ठेवली, एअर गॅपसकट, तर पंपही नको ना? टॉयलेट वरच्या मजल्यावरच आहे, टाकी आणि स्प्रेमध्ये जेमतेम दोन मीटर उंची मिळेल. तेवढ्यावर धार येते का? कोणी करून पाहिलंय?