मदत हवी आहे : पावसाळ्यात कंपोस्टच्या पिंपाला दुर्गंधी येत आहे

नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो आणि सोसायटीच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये वांगी, मिरची, घेवडा आणि पालेभाज्या लावतो. घरात चार माणसे आहेत. रोज निघणारा साधारण 1 किलो ओला कचरा दिवाळीपासून मी घराबाहेर जाऊ दिलेला नाही. 60 लिटरची दोन प्लॅस्टिकची पिंपे चहूबाजूंनी भोके पाडून विटांवर ठेवली आहेत. एक भरले की ते मुरत ठेवायचे आणि दुसरे वापरायला घ्यायचे, असा क्रम आहे.

थंडीत काम सावकाश झाले. एप्रिलमध्ये उलट पिंप कोरडे पडू लागले, म्हणून एक दिवसाआड आंबट ताकाचे पाणी शिंपडत होते. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत आवारातील बदामाची आणि आंब्याची वाळलेली पाने पोत्यांत भरून ठेवली होती. कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्यांचा दुप्पट जाडीचा थर देत गेल्यामुळे मेअखेरीस खत काळेभोर आणि भुसभुशीत निघाले. चाळले तेव्हा चाळणीत फक्त कोयी आणि अंड्यांची टरफले उरली.

जुलैच्या मध्यावर पाने संपली आणि तेथूनच बिघडत गेले. झाकण असूनही तिरक्या सरींचे पाणी भोकांतून आत जाते. खत मुठीत दाबले तर एखादा थेंबच निघावा, एवढीच ओल हवी. आता धार लागते. तळातून तपकिरी पाणी झिरपते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणजे आत हवा पोहोचत नाही, हे उघड आहे. वर्तमानपत्राचे तुकडे घालून पाहिले, पण दोन दिवसांत त्यांचा लगदा झाला आणि उरलीसुरली हवाही कोंडली.

पिंपात करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्याही खूप झाल्या आहेत. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या आहेत, ओला कचरा झपाट्याने खातात आणि त्यांची माशी चावत नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी त्या मारलेल्या नाहीत. परंतु कोषात जाण्याआधी कोरडी जागा शोधत त्या भिंतीवरून थेट शेजाऱ्यांच्या दारापर्यंत जातात. त्यांची तक्रार रास्त आहे आणि तिच्यामुळे हा उपक्रम बंद पडू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अळ्यांना पिंपातच थोपवण्यासाठी कोणी काही केले असल्यास कृपया सांगावे.

मुख्य अडचण कोरड्या मालाची आहे. जवळच्या सुताराकडे भुसा मिळतो, पण त्यात प्लायवूडचाही असल्याने त्यातील डिंक भाजीच्या मातीत जाईल, अशी भीती वाटते. भाताचे तूस पाणी धरून ठेवत नाही आणि कुजायलाही फार वेळ घेते. तरी निदान हवा खेळती राहावी म्हणून ते घालावे का? रसवंतीवरचे उसाचे चिपाड उन्हाळ्यात भरपूर मिळते. ते तुकडे करून, कडक वाळवून पावसाळ्यासाठी साठवण्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि साखरेच्या अंशामुळे त्याला मुंग्या किंवा बुरशी लागते का?

आणखी एक चूक माझ्या हातून झाली. याच पिंपातले अर्धवट कुजलेले खत, प्रत्येकी दोन मुठी, घेवड्याच्या चार कुंड्यांत घातले. दहा दिवसांत खालची पाने पिवळी पडली. खत न घातलेल्या दोन कुंड्या मात्र हिरव्यागार आहेत. वरची माती खरवडून काढली तर पुरेल, की रोपे नव्या मातीत हलवावी लागतील?

येत्या रविवारी पिंप उपसायचे ठरवले आहे. श्रावणात अधूनमधून उघडीप मिळते, तेव्हा सगळा माल ताडपत्रीवर पसरून थोडा सुकवावा आणि शिल्लक असलेले जुने खत विरजणासारखे मिसळून पुन्हा भरावा, असा विचार आहे. पसरल्यावर दुर्गंधी वाढून शेजाऱ्यांना त्रास होणार असेल, तर पिंपातच खालीवर करणे बरे पडेल का, हे रविवारच्या आत कळले तर फार मदत होईल.