धान्य बँक : गरजू कोण हे कसे ठरवावे आणि आषाढात रिकामे होणारे फडताळ कसे भरावे?

प्रश्न (हडपसर, पुणे)

नमस्कार. आमच्या सोसायटीतील आणि शेजारच्या दोन इमारतींतील काही कुटुंबांनी मिळून पावणेदोन वर्षांपूर्वी गणेश मंडळाच्या खोलीत एक लहानशी धान्य बँक सुरू केली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही मागच्या वस्तीतील सुमारे चाळीस कुटुंबांना शिधा देतो. पिशवीत पाच किलो गहू, तीन किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ आणि जमेल तेव्हा तेलाची पिशवी असते. घेणाऱ्यांमध्ये धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या स्त्रिया, मजूर अड्ड्यावर उभे राहणारे बिगारी आणि एकटे राहणारे काही वृद्ध आहेत.

काम मनापासून चालले आहे, पण तीन अडचणी सुटत नाहीत. पितृपक्षापासून दिवाळीपर्यंत इतके धान्य येते की पोती जिन्याखाली ठेवावी लागतात, आणि जून-जुलैमध्ये, मागणी सर्वांत जास्त असते तेव्हा, फडताळ रिकामे असते. गेल्या पावसाळ्यात जिन्याखालच्या डाळीचा डबा उघडला तर वरचा थर हलताना दिसला; बावीस किलो तूरडाळ सोनकिड्यांनी पोखरून टाकली होती. दुसरी अडचण निवडीची. समितीतील काही जणांचे म्हणणे आहे की उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिकेची झेरॉक्स घेतल्याशिवाय कोणालाही पिशवी देऊ नये, नाहीतर गरज नसलेले लोक रांगेत येतील. तिसरी गोष्ट मला सर्वांत अधिक बोचते आहे. मागच्या महिन्यात एका देणगीदारांना वाटपाचे छायाचित्र हवे होते. फोन समोर आलेला पाहताच रांगेतील एका आजींनी पदर तोंडावर ओढला आणि त्या पिशवी न घेताच परत गेल्या. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत. असे काम अधिक काळ करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (नाशिक, नऊ वर्षांपासून धान्य बँकेचे काम)

ताई, आपल्या पिशवीत काय आहे, तिथूनच सुरुवात करते. ज्यांच्याकडे धान्य मिळणारी शिधापत्रिका आहे त्यांना गहू आणि तांदूळ रेशन दुकानातून जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतात. आम्हीही सुरुवातीची तीन वर्षे गहू-तांदूळच देत होतो. मग एका बाईंनी मला घरी नेऊन दाखवले की डब्यात गहू आहे, पण गिरणीत दळणाला द्यायला पैसे नाहीत, आणि भातावर घालायला डाळ नाही. त्या दिवशी मुलांनी मीठ आणि तिखट लावून भात खाल्ला होता. त्यानंतर आम्ही पिशवी बदलली. आता तूरडाळ, मूग किंवा मसूर, शेंगदाणे, एक लिटर तेल, साखर, चहा पावडर, मीठ, हळद आणि तिखट देतो. धान्य फक्त ज्यांना रेशन मिळत नाही अशा घरांसाठी ठेवतो. पिशवीचे वजन कमी झाले, पण घरातले ताट भरले.

आषाढाबद्दल आपण जे लिहिले आहे ते आमच्याकडेही तसेच आहे, आणि त्याचे कारण रोजगारात आहे. पाऊस लागला की बांधकामे थांबतात, अड्ड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला आठवड्यातून दोन दिवससुद्धा काम मिळत नाही, आणि त्याच महिन्यात मुलांच्या वह्या, गणवेश आणि शाळेच्या रिक्षाचा खर्च अंगावर येतो. दान मात्र सणांच्या आणि श्राद्धाच्या तिथींप्रमाणे येते. म्हणून आम्ही दिवाळीत धान्य स्वीकारणे जवळजवळ बंद केले आहे. देणाऱ्यांना विनंती करतो की तेवढीच रक्कम द्यावी. ती वेगळ्या खात्यात ठेवून आम्ही तिला ‘आषाढाचा गल्ला’ म्हणतो आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी तिला हात लावत नाही. याखेरीज वीस-पंचवीस घरांत रोजच्या स्वयंपाकाच्या वेळी मूठभर डाळ बाजूला काढून डब्यात टाकली जाते. वसतिगृहांसाठी मुष्टिफंड गोळा करणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात ही कल्पना कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

कीड लागण्याबाबत थोडक्यात सांगते. पोती जमिनीवर कधीही ठेवू नयेत. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवावीत. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावून ती घट्ट झाकणाच्या कोठीत भरावी, गव्हाला कडक ऊन द्यावे, आणि डब्यावर आल्याची तारीख लिहून आधी आलेले आधी बाहेर काढावे. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची घरगुती पद्धत आम्ही धान्य बँकेत वापरत नाही, कारण ते धान्य पुढे कोणाच्या घरी जाईल आणि किती पाण्यात धुतले जाईल हे आपल्या हातात नसते.

उत्तर २ (सातारा, पुरवठा खात्यातून निवृत्त)

समितीने शिधापत्रिका पाहावी, पण ती गाळणी म्हणून पाहू नये, एवढेच माझे सांगणे आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एका कार्डावर ३५ किलो धान्य मिळते. परंतु राज्याच्या शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के आणि ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के इतक्याच लोकांना या कायद्याखाली घेता येते, आणि हा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. शहरातील प्राधान्य कुटुंबासाठी ठरवलेली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये होती, म्हणजे महिन्याला पाच हजारांपेक्षाही कमी. चार घरची भांडी घासणारी स्त्रीदेखील या रेषेच्या बाहेर जाते. शिवाय इष्टांक पूर्ण भरला असेल तर पात्र कुटुंबालाही थांबावे लागते. त्यामुळे केशरी शिधापत्रिका हातात आहे म्हणजे धान्य मिळतेच असे नाही, आणि उत्पन्नाचा दाखला मागणे म्हणजे रोजंदारीवरील माणसाचा तलाठी कार्यालयात एक-दोन दिवसांचा रोज बुडवणे होय.

मी आपल्या जागी असतो तर प्रत्येक कुटुंबाला एकच गोष्ट विचारली असती : गेल्या महिन्यात रेशन मिळाले का, आणि नसेल तर कशामुळे? उत्तरातून पुढचे काम आपोआप समोर येते. मराठवाड्यातून आलेल्या बिगाऱ्याला बहुधा ठाऊक नसते की गावचे कार्ड असले तरी पुण्यातील रेशन दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते आणि उरलेले गावाकडचे कुटुंब तिकडे घेऊ शकते. ही सोय परराज्यातील कार्डधारकांनाही आहे. सिमेंटच्या कामाने ज्याच्या बोटांचे ठसे झिजले आहेत त्याचा अंगठा पॉस मशीनवर लागत नाही आणि तो रिकाम्या हाताने परततो, पण कार्डावरील दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो. कोणाची ई-केवायसी राहिलेली असते, कोणाच्या सुनेचे नाव चढवलेले नसते. आपल्यापैकी दोन जणांनी महिन्यातून एक दिवस हे अर्ज भरून देण्यासाठी बसावे, शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक वहीत नोंदवावा आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. दुकानदार दाद देत नसेल तर १९६७ या मोफत क्रमांकावर तक्रार करता येते. पाच जणांच्या एका कुटुंबाचे नाव प्राधान्य यादीत चढले की दरमहा पंचवीस किलो धान्य त्याच्या हक्काने घरी येते. तेवढे धान्य आपली पेढी त्यांना वर्षानुवर्षे देऊ शकणार नाही, आणि हक्काचे धान्य आणताना कोणाचे उपकारही वाटत नाहीत.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)

मी आजवर येथे कधी लिहिले नव्हते, पण त्या आजींविषयी वाचून राहवले नाही. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या पतींची गाडी चालवण्याची नोकरी गेली आणि एप्रिलमध्ये आम्ही पहिल्यांदा शिध्याच्या रांगेत उभे राहिलो. एका संस्थेने पिशवी देताना प्रत्येकाला फलकासमोर उभे करून छायाचित्र काढले. दोन दिवसांनी ते छायाचित्र माझ्या मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आले. ती तेव्हा सातवीत होती. पिशवीतले तांदूळ तिने त्या आठवड्यात खाल्ले नाहीत, पोळी असली तरच जेवायची.

पुढे आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारांनी निराळी पद्धत काढली. काही लोक त्यांच्याकडे पैसे जमा करून ठेवत आणि गरज असलेल्या घरी कोऱ्या कागदाची एक चिठ्ठी पोहोचे, जिच्यावर फक्त रक्कम आणि दुकानाचा शिक्का असे. मी ती चिठ्ठी घेऊन इतर गिऱ्हाइकांसारखीच दुकानात जात असे. मला साबण हवा असेल तर साबण, मुलीसाठी गुळाची ढेप हवी असेल तर ढेप घेता येत असे. दुकानदार सर्वांसमोर नेहमीसारखेच, ‘काय देऊ, वहिनी?’ असे विचारत. त्या प्रश्नाने मला किती धीर दिला हे मला नीट सांगताही येणार नाही. माझ्या आजोबांनी पुण्यात वार लावून जेवून शिक्षण घेतले होते, आणि ज्या घरात यजमानीणबाई ‘आणखी काय वाढू?’ असे विचारत त्या घराची आठवण ते म्हातारपणीही काढत असत.

आपल्याकडे जागा कमी आहे आणि डाळीला कीड लागते, असे आपण लिहिले आहे. दुकानातच पैसे ठेवले तर साठवणही करावी लागणार नाही. आजींच्या घरी मात्र कोणीतरी एकट्याने जावे, पिशवी न घेता जावे, आणि आधी क्षमा मागावी.

उत्तर १ (नाशिक)

चिठ्ठीची पद्धत फारच योग्य वाटली. आमच्या समितीपुढे या आठवड्यात मांडते. एक सावधगिरी सुचवते : एकाच दुकानाशी न बांधता दोन दुकाने घ्यावीत आणि महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्या व बिले जुळवून पाहावीत, म्हणजे देणगीदारांना छायाचित्राऐवजी हिशेब दाखवता येईल.

प्रश्नकर्ती (हडपसर, पुणे)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल मी एकटीच आजींकडे जाऊन आले. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा केला, आणि निघताना म्हणाल्या, ‘फोटो नको बाई, माझा मुलगा गावाला बघेल.’ समितीने छायाचित्रे कायमची बंद केली आहेत आणि दाखल्याची अटही मागे घेतली आहे. पहिल्या बैठकीत शिधापत्रिका पाहिल्या तेव्हा चाळीसपैकी तेरा कुटुंबांना रेशन मिळतच नाही असे आढळले. त्यांपैकी चार जणांची कार्डे गावी आहेत. अर्ज भरायला येत्या रविवारपासून बसतो आहोत.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वस्तीतील एका एकट्या आजोबांकडे गॅस नाही आणि स्टोव्ह पेटवणे त्यांना जमत नाही. त्यांना डाळ-तांदूळ देऊन काय उपयोग? आणि जवळच्या मंगल कार्यालयातून उरलेले जेवण नेण्याविषयी विचारणा आली आहे, ते घ्यावे का?

उत्तर १ (नाशिक)

आजोबांना न शिजवता खाता येईल असे द्यावे : दूध आणि पोहे, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, सातूचे पीठ. दात नसतील तर शेंगदाण्याचे कूट करून गुळासोबत द्यावे. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर दुपारच्या थाळीची सोय तेथे होते. २०२० मध्ये दहा रुपयांना सुरू झालेल्या या थाळीत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात असतो. संध्याकाळसाठी शेजारच्या दोन-तीन घरांनी दिवस वाटून घेऊन डबा द्यावा, आमच्याकडे असे पाच डबे चालतात.

कार्यालयातील जेवण मात्र आपल्या सध्याच्या व्यवस्थेत घेऊ नये. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत, वाटप करणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते, आणि गरम अन्न वाटप होईपर्यंत साठ अंशांच्या वर राखावे लागते. रात्री अकरा वाजता पंगत उठल्यावर आलेली पनीरची भाजी सकाळपर्यंत खोलीत ठेवून वाटली तर एका घरी जरी उलट्या-जुलाब झाले, तरी त्याची भरपाई आपल्याला करता येणार नाही. कार्यालयाच्या व्यवस्थापकांना सांगून पाहावे की न शिजवलेला शिल्लक शिधा, म्हणजे न फोडलेली तेलाची पिंपे, साखर आणि डाळ, दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे पाठवावी. आमच्याकडील दोन कार्यालये गेल्या लग्नसराईपासून तसे करत आहेत.