‘झाकीर संपला’ म्हणणाऱ्यांना

वाट्टेल_ते: काल इथे एकाने हिंदी स्टँडअप कॉमेडियन झाकीर खानबद्दल फतवा काढला, ‘झाकीर संपला, ‘तथास्तु’ या शोमध्ये हसू कमी आणि प्रवचनच जास्त.’ दोन ओळींत उत्तर देणार होतो, लांबलं. 2017 च्या ‘हक से सिंगल’मध्ये तो ‘सख्त लौंडा’ होता. पोरगी हसून बोलली तरी विरघळायचं नाही, एवढ्या एका आवेशावर नाव झालं. पुढच्याच वर्षी ‘कक्षा ग्यारहवीं’त तो इंदूरच्या शाळेत शिरला, म्हणजे बदल तेव्हाच सुरू झालेला. 2022 च्या ‘तथास्तु’त सारंगीवादक आजोबा आहेत, घर आहे. पस्तिशीच्या माणसाने अजून सिंगलपणाच मिरवायचा का?

तर्रीबाज: मिरवू नकोस, पण हसव तरी! आवाज खाली, मोठा पॉज, मग शायरी. सगळं मोजूनमापून. आणि ‘सख्त लौंडा’ ही स्वतःचीच टिंगल होती, हे निम्म्या पब्लिकला कळलंच नाही. आमच्या हॉस्टेलवरची पोरं मुलींशी तुसडं वागायची आणि वर त्याचं नाव सांगायची. तेव्हा हा कुठे होता? आता म्हणे आजोबा.

सुमेधा_क: हिंदीवाल्यांचं कौतुक पुरे. आमचे लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त एकटे 52 पात्रं उभी करायचे. नववीत बघितलंय, पुढच्या रांगेतले काका हसता हसता खुर्चीवरून घसरले होते.

तर्रीबाज: ताई, ते एकपात्री नाटक. इथे माणूस स्वतःच पात्र असतो, म्हणून तर वय वाढलं की पंचाईत होते.

सुमेधा_क: म्हणजे पुलंही बाद? एकट्याने रंगमंच भरायचा, माणसं हसवायची, यात वेगळं काय? माईकची दांडी?

वाट्टेल_ते: लेखन चोख लागतं, हा फरक. मराठी स्टँडअपला परवा पाचशे रुपये मोजले. शो पाऊण तास उशिरा सुरू, त्यात अर्धा वेळ पहिल्या रांगेला ‘लग्न झालंय का?’ विचारण्यात. उरलेला बायकोवर.

सुमेधा_क: मग वाईट शोला गेलात. त्याचं खापर अख्ख्या मराठीवर फोडताय?

पेटीवाला: भांडा खुशाल. माझे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आम्ही नातवंडं टीव्हीचा आवाज वाढवायचो. ‘तथास्तु’चा शेवट बघून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. प्रवचन म्हणा नाहीतर काहीही.

तर्रीबाज: आजोबा सगळ्यांनाच असतात हो. तिकीट विनोदाचं काढतो आपण.

वाट्टेल_ते: 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भल्यामोठ्या सभागृहात त्याने हिंदीत शो केला. संपलेल्या माणसाला बोलावतात होय?

तर्रीबाज: बोलावतात की! परदेशी राहून घरची आठवण येणाऱ्यांना रडायला निमित्तच हवं असतं. बरं, आजोबांचा भाग चांगला आहे, मानलं. झालं समाधान? शायरी मात्र काढा.

सुमेधा_क: आणि पुलंचं काय ठरलं?