वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे घरातले पहिले तीन आठवडे : सल्ला हवा आहे

धागाकर्ती

माझ्या धाकट्या बहिणीची परवा दुर्बिणीतून स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकला असून उरलेल्या भागाची एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवली आहे. उद्या तिला घरी सोडणार आहेत आणि पुढचे तीन आठवडे मी तिच्याकडे राहणार आहे.

रुग्णालयाने आहाराचा एक कागद हाती दिला आहे. पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, त्यानंतर दोन आठवडे गुळगुळीत वाटलेले, मग मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचे जेवण, असे टप्पे त्यात आहेत. दिवसाला निदान दीड लिटर द्रव आणि 60 ते 80 ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, असेही लिहिले आहे. कागदात चूक काही नाही, पण त्यावरून प्रत्यक्ष दिवस कसा लावायचा हे मला उमगत नाही. काल तिने पाण्याचा एक घोट घेतला, छातीच्या मधोमध काही अडकल्यासारखे वाटले म्हणून पेला बाजूला ठेवला आणि त्यानंतर तासभर त्याला हात लावला नाही. या गतीने दीड लिटर व्हायला दोन दिवस लागतील.

ज्यांनी स्वतः किंवा घरातल्या कोणासाठी हे दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया सांगावे : पाण्याचा आणि प्रथिनांचा मेळ कसा घालायचा, कोणते दुखणे साहजिक समजायचे आणि कोणत्या लक्षणाला ताबडतोब फोन करायचा, आणि तिच्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांचे काय करायचे. आणखी एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते, पण लिहिते. काल रात्री ती मला म्हणाली, “ताई, मी हे कशाला करून घेतले?” मला काहीही उत्तर सुचले नाही.

प्रतिसाद १ (स्वतःची स्लीव्ह शस्त्रक्रिया, दीड वर्षापूर्वी)

ताई, सर्वप्रथम घरातला नेहमीचा पेला तिच्या नजरेआड करा. भरलेला पेला पाहिला की तो संपवायचा आहे या विचारानेच माझा घसा आवळत असे. आमच्याकडे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर आलेला, रेघा आखलेला मापाचा छोटा प्लास्टिकचा कप होता; तोच पुढचे तीन आठवडे माझा पेला झाला. दर पंधरा मिनिटांनी 30 मिलिलिटर, तेही एका घोटात नव्हे तर तीन-चार बारीक घोटांत. तासाला 120 आणि जागेपणीचे चौदा तास धरले तर 1680 मिलिलिटर होतात. मधल्या काही फेऱ्या चुकणारच आहेत, हे धरूनही दीड लिटरच्या आसपास पोहोचता येते. फेरी चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. ती दुप्पट हमखास उलटून येते.

छातीत अडकल्यासारखे वाटणे हे पहिल्या दिवसांत बहुतेकांना होते. टाक्यांच्या रेषेभोवती आतून सूज असते, त्यामुळे आधीच अरुंद केलेली नळी आणखी अरुंद झालेली असते. मला गार पाणी जागीच थांबल्यासारखे वाटे आणि कोमट पाणी सहज उतरे. काहींचा अनुभव नेमका उलटा असतो, म्हणून दोन्ही देऊन पाहा. स्ट्रॉ नको, कारण त्यातून हवाही आत जाते. फसफसणारी पेये तर मुळीच नकोत.

प्रथिनांच्या बाबतीत माझी पहिली चूक अशी की भुकटी जोरजोराने घुसळून लगेच पीत होते. वर आलेला फेस म्हणजे निव्वळ हवा आणि ती हवा त्या एवढ्याशा नळीत गेली की अर्धा तास तळमळ. घुसळल्यावर दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावे, फेस बसू द्यावा आणि मग त्याच छोट्या कपाने द्यावे. हे पेय, दूध, गाळलेले सूप, सगळे काही द्रवाच्या हिशेबात धरायचे असते. दीड लिटर हे केवळ पाण्याचे नाही, एवढे कळल्यावर माझ्या जिवावरचे निम्मे ओझे उतरले. पहिल्या आठवड्यात पाणी आणि प्रथिने यांपैकी एकच जमणार असेल, तर माझ्या मते पाणी निवडावे. प्रथिने चार दिवस कमी पडली तर पुढे भरून काढता येतात. शरीरातले पाणी कमी झाले तर सलाइनसाठी पुन्हा रुग्णालयात जावे लागते. लघवी गडद पिवळी होणे, दिवसातून दोन-तीनदाच होणे, उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, या त्याच्या खुणा आहेत.

वजनकाटा मात्र पलंगाखाली सरकवून ठेवा. साधारण तिसऱ्या आठवड्यात काटा बरेचदा जागचा हलत नाही. सुरुवातीला जे झपाट्याने उतरते त्यातला मोठा भाग यकृत-स्नायूंतल्या साठवणीच्या साखरेचा आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेल्या पाण्याचा असतो. ते सरले की काटा थबकतो आणि माणूस उगाच घाबरतो.

प्रतिसाद २ (पतीची वजन कमी करण्यासाठीची, जठराची बायपास शस्त्रक्रिया, काळजी घेणारी मी)

वरच्या प्रतिसादात पाण्याबद्दल सगळे आले आहे, म्हणून मी फक्त नाडीबद्दल लिहिते.

माझ्या पतीला घरी येऊन पाच दिवस झाले होते. ताप नव्हता. जखमा कोरड्या होत्या. पोटात थोडे जड वाटते आणि डावा खांदा दुखतो, एवढीच तक्रार होती. मी रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला लावायच्या यंत्रावर नाडी पाहून वहीत लिहीत असे. नेहमी ती 80 ते 90 असायची. त्या संध्याकाळी 118 आली. अर्धा तास निजवून पुन्हा पाहिली तर 124. मी रुग्णालयात फोन केला. ज्यांनी उचलला त्यांनी, गॅस असेल, फिरवा, असे सांगून ठेवून दिला. त्यांनी नाडीचा आकडा विचारला नाही आणि मी सांगितलेला ऐकून घेतला नाही, याचा राग अजून जात नाही. मी पतीला फिरवले नाही, गाडीत घातले. स्कॅनमध्ये जठर आणि आतडे जिथे जोडले होते त्या जागी बारीक गळती दिसली. त्याच रात्री पुन्हा दुर्बिणीतून पोट धुऊन आतला स्राव बाहेर काढणारी नळी ठेवली आणि ते वाचले. सर्जन नंतर म्हणाले की गळतीत ताप कित्येकदा उशिरा येतो, नाडी मात्र आधी पळू लागते.

म्हणून ताई, एक वही करा आणि तीत पाण्याच्या फेऱ्यांशेजारी नाडी लिहा. तुमच्या सर्जनना घरी येण्याआधीच विचारून ठेवा की कोणत्या आकड्याला फोन करायचा, आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या थेट क्रमांकासह लिहा. विश्रांतीत असताना नाडी 120च्या वर टिकून राहिली, तर फोनवरच्या माणसाचे समाधान होण्याची वाट पाहू नका. स्लीव्हमध्येही गळती होते आणि ती घरी आल्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही दिसू शकते, म्हणून आठ दिवसांनी वही बंद करू नका.

प्रतिसाद ३ (शस्त्रक्रिया विभागात परिचारिका)

खांद्याच्या दुखण्यावरून गोंधळ होऊ नये म्हणून लिहिते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा आत उरतो आणि श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला) टोचतो; श्वासपटल आणि खांदा यांच्या मज्जातंतूंची मुळे मानेत एकाच ठिकाणची असल्यामुळे दुखते खांद्यात. हे दुखणे पहिल्या दोन-तीन दिवसांत असते, चालल्याने हलके होते आणि दिवसागणिक कमीच होत जाते. कमी झालेले दुखणे चौथ्या-पाचव्या दिवशी परत उफाळले, किंवा त्याच्या जोडीला नाडी, ताप, धाप, पोटदुखी यांतले काही आले, तर तो गॅस मानू नये.

चालणे हे केवळ गॅससाठी नाही. पायातल्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका घरी आल्यानंतरही काही आठवडे राहतो, म्हणून जागेपणी दर तासाला घरातल्या घरात चार-पाच मिनिटे तरी फिरवावे. रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने घरी घ्यायला दिली असतील तर ती एकही चुकवू नये. एकाच पोटरीला सूज व दुखरेपणा, किंवा अचानक धाप आणि छातीत कळ, याला थेट तातडीचा विभाग. खोकताना आणि उठताना पोटाशी उशी घट्ट धरायला शिकवा. तिला आधी झोपेतल्या श्वासासाठी मशीन लागत असेल, तर वजन थोडे उतरले म्हणून ते परस्पर बंद करू नका.

गोळ्यांबाबत सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांचे जुने प्रमाण तसेच चालू ठेवू नये आणि मनाने बंदही करू नये. या शस्त्रक्रियेनंतर साखर काही दिवसांतच खाली येते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या जुन्याच मात्रेत घेतल्या तर ती धोकादायकरीत्या घसरू शकते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर शरीर आणखी कोरडे पडते. सुट्टी होताना प्रत्येक औषधापुढे नवे प्रमाण लिहून घ्या. मोठ्या गोळ्या चुरून किंवा पातळ स्वरूपात द्याव्या लागतात, परंतु दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी चुरणे धोक्याचे आहे, म्हणून कोणती चुरायची हे औषध देणाऱ्यालाच विचारा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. घरात पडून असलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी देऊ नका, तिने जठरात व्रण पडू शकतो. पित्ताची गोळी जळजळ नसली तरी सांगितली तोवर चालूच ठेवायची असते.

आणि उलट्यांविषयी. एखादी उलटी घाई केल्याची खूण असते. पण काहीच पोटात टिकत नाही, असे चोवीस तास चालले तर दाखवायला हवे. शरीरातला ब१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपला की तोल जाणे, दोन-दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ असा मेंदूवर परिणाम होतो आणि कधी तो कायमचा राहतो. अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी ब१ देणे आवश्यक असते, म्हणून दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात जावे लागलेच तर ही शस्त्रक्रिया झाली आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा.

प्रतिसाद ४ (स्वतःची बायपास, चार वर्षांपूर्वी)

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून थोडेसे. हा पश्चात्ताप मलाही पहिल्या दहा दिवसांत झाला होता. त्यामागे भूल, जाग्रण, दुखणे आहेच, शिवाय चरबी वेगाने विरघळताना तिच्यात साठलेली संप्रेरके रक्तात येतात आणि त्यानेही मन वरखाली होते, असे म्हणतात. पण मला खरे आठवते ते हे की घरातले सगळे जेवायला बसले की मी कुठे बसावे हे मला कळत नसे. भूक नव्हती, तरी ताटाची आठवण येई. माझ्या थोरल्या बहिणीने त्या वेळेला मला गच्चीवर फिरायला न्यायला सुरुवात केली आणि स्वतः नंतर जेवू लागली. तिने समजुतीचे एक वाक्यही उच्चारले नाही. तुम्हाला उत्तर सुचले नाही, त्याचे फार मनाला लावून घेऊ नका. मात्र दोन-तीन आठवड्यांनीही ती अशीच मिटून राहिली, झोप उडाली, तर सर्जनच्या चमूला स्पष्ट सांगा.

धागाकर्ती (शस्त्रक्रियेनंतरचा तेरावा दिवस)

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आपण दिलेल्या सल्ल्यांपैकी काय उपयोगी पडले ते लिहून ठेवते.

मापाचा कप आणि वही पहिल्याच दिवशी सुरू केली. पहिल्या दिवशी 780 मिलिलिटर झाले, दुसऱ्या दिवशी 900, सहाव्या दिवशी 1350 आणि काल प्रथमच 1500 च्या वर गेलो. तिला कोमटच लागते. दर पंधरा मिनिटांनी मी “घोट” म्हणायचे आणि तिने कपाळाला आठ्या घालायच्या, असे चार दिवस चालल्यावर तिने मोबाइलवर गजर लावला आणि मला गप्प बसवले. नाडी 92च्या वर गेलेली नाही. रक्तदाबाची एक गोळी बंद केली आहे, साखरेची निम्मी झाली आहे. दोन्ही बदल डॉक्टरांनी वहीतले आकडे पाहून केले.

सहाव्या दिवशी एक घोटाळा झाला. चार दिवस शौचास झाली नाही म्हणून मी घाबरून फोन केला. पोटात चोथाच जात नसेल तर चार-पाच दिवस न होणे साहजिक आहे, असे त्यांनी शांतपणे समजावले आणि पातळ औषध दिले. जेवणाच्या वेळी आम्हीही आता फिरायला जातो. परवा ती आपण होऊन म्हणाली, “ताई, तू आधी जेवून घे, मी बसते इथे.”

परवापासून वाटलेला आहार सुरू करायचा आहे. किती द्यावे आणि कुठे थांबावे?

प्रतिसाद १

लहान बाळाचा चमचा आणा. पहिल्या दिवशी एका वेळी दोन-तीन चमचे पुरेत, दोन घासांमध्ये निदान मिनिटभर थांबा आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी देऊ नका. मापाचा कप मधल्या वेळी चालूच राहील. प्रथिनांचा पदार्थ आधी. पोट भरले हे तिला पूर्वीसारखे पोटात कळणार नाही. उचकी लागेल, नाक वाहू लागेल, एखादी शिंक येईल किंवा छातीच्या हाडामागे दाब वाटेल. यातले काहीही झाले की चमचा खाली ठेवा, वाटीत एकच घास उरला असला तरी.