नवरा गेल्यावर त्याचं पर्सनल लोन बायकोने फेडायचं असतं का?

पारिजात:
माझे भाऊजी नुकतेच अचानक गेले. दिवसकार्य होतंय न होतंय तोच ताईला रिकव्हरीवाल्यांचे फोन सुरू झाले, एक पर्सनल लोन आणि एक क्रेडिट कार्ड, दोन्ही फक्त भाऊजींच्या नावावर. काल एकजण घरी येऊन म्हणाला, मॅडम तुम्ही बायको म्हणजे जबाबदारी तुमचीच, या लेटरवर सही करा, हप्ता कमी करून देतो. तिने सही केली नाहीये पण झोप उडालीय तिची. घर दोघांच्या नावावर आहे, होम लोनला ती को-अ‍ॅप्लिकंट. पीएफ यायचाय, तोपण जाईल का? प्लीज कुणीतरी नीट सांगा.

जुना_बँकवाला:
सही अजिबात करू देऊ नका!! जे कर्ज आज त्यांचं नाही ते त्या सहीने त्यांच्या गळ्यात पडेल. नुसतं लग्न झालंय म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोवर येत नाही. वसुली होते ती गेलेल्या माणसाच्या मालमत्तेतून, वारसाच्या हातात त्यातलं जेवढं आलं तेवढ्यापुरतीच, ताईंच्या स्वतःच्या पगाराला, दागिन्यांना हात लावता येत नाही. बँकेला मृत्यूदाखला जोडून लेखी कळवा आणि लोन अ‍ॅग्रीमेंटची कॉपी मागा, को-बॉरोअर किंवा गॅरंटर म्हणून ताईंची सही आहे का ते बघा, सगळं त्यावर आहे. आणि सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच मनाई केलीय, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा.

कोर्टकचेरी:
वरचं बरोबर आहे, सिव्हिल प्रोसिजर कोड कलम 50 वाचा. पण होम लोनचं तसं नाही हं, को-अ‍ॅप्लिकंट म्हणजे अर्धी नाही, सगळी बाकी त्यांची, तो हप्ता चुकवू नका. घरातला भाऊजींचा हिस्सा आणि त्यांच्या खात्यातली शिल्लक ही त्यांची मालमत्ताच, त्यावर बाकीचे देणेकरी, सॉरी घेणेकरी, कोर्टातून दावा लावू शकतात, आणि लोन ज्या बँकेचं त्याच बँकेत बचत खातं असेल तर बँक शिल्लक वळतीही करून घेते. पीएफची काळजी सोडा. ताई नॉमिनी असतील तर पीएफच्या कायद्याप्रमाणे ते पैसे भाऊजींच्या कर्जापासून मोकळे असतात. विमा पॉलिसी असेल तर ती 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलीय का तेही बघा, तशी असेल तर तीही सुरक्षित.

पारिजात:
खूप आभार दोघांचे. कपाटात पर्सनल लोनचं सँक्शन लेटर सापडलं, गॅरंटरचा रकाना रिकामा आहे. आणि खाली 'ग्रुप क्रेडिट लाइफ' म्हणून प्रीमियम कापलाय, हे काय असतं?

जुना_बँकवाला:
अहो तो कर्जावरचाच विमा आहे! कर्जदार गेला तर बाकी विमा कंपनी भरते, घरच्यांना माहीतच नसतं आणि लोकं उगाच हप्ते भरत बसतात. ब्रँचमधून सर्टिफिकेट नंबर घ्या, क्लेम लगेच टाका, पोच घेतल्याशिवाय उठू नका. होम लोनलाही असाच विमा आहे का तेपण त्याच दिवशी विचारून घ्या.