पवई तलावावर घारीएवढा सीगल? कुणी ओळखेल का

पवईकर:
मंडळी, काल रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास पवई तलावावर गणेश घाटाच्या बाजूला उभा होतो, नेहमीचेच पाणकावळे, बगळे, जलपर्णीवर कमळपक्षी, तेवढ्यात लांब पाण्यात काहीतरी पांढरं दिसलं, आधी वाटलं थर्माकोलचा तुकडा, आपल्या तलावात तोच जास्त दिसतो, मग त्याने मान वळवली! सीगल होता. पण गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचच्या मागे येतात तसला नाही वाटला. पाठ राखाडी, पंखांवर तपकिरी डाग, चोच चांगली लांब, टोकाला काळी. डोक्यावर थोडा काळपट रंग होता. फोटो मोबाईलवर काढलेत, म्हणजे समजून घ्या. कोण असेल?

खाडीकाठ:
ब्राउन-हेडेड गल असणार. हिवाळ्यात मुंबईत ढिगाने असतात. पंखावर तपकिरी आहे म्हणजे पिल्लू, पहिल्या वर्षाचं. डोक्यावरचा काळपटपणा म्हणजे कानामागचा ठिपका.

मुलुंडची_ताई:
खाडीकाठ, थांबा जरा, घाई नको. पवईकर, दोनच गोष्टी सांगा. एक, पक्षी कावळ्याएवढा होता का घारीएवढा? ब्राउन-हेडेड आणि ब्लॅक-हेडेड दोन्ही साधारण ४० सेंमीचे, म्हणजे आपल्या कावळ्याच्याच मापाचे. दोन, डोक्यावरचं काळं नक्की कुठे होतं? त्या दोघांना हिवाळ्यात कानाशी तीट लावल्यासारखा एक ठिपका असतो, डोळ्याच्या मागे. आणि नावावर जाऊ नका हो, हिवाळ्यात ब्लॅक-हेडेडचं डोकं काळं नसतं आणि ब्राउन-हेडेडचं तपकिरी नसतं, नवीन माणूस तिथेच फसतो, मीही दोन वर्षं फसले.

पवईकर:
ताई, तीट नाही, काजळ! डोळ्याभोवतीच पसरलेलं, रडून फिस्कटल्यासारखं, आणि डोळ्याच्या वर-खाली बारीक पांढऱ्या कोरी. माप म्हणाल तर एक घार त्याच्यावर झेप घ्यायला आली होती तेव्हा तो उडाला, दोघं एकाच फोटोत आलेत, आणि खरं सांगतो, पंख पसरल्यावर घारच किंचित छोटी वाटतेय. शेपूट पांढरी, टोकाला काळी पट्टी, एकदम ठळक.

मुलुंडची_ताई:
मग विषयच संपला, पलासेस गल! जुन्या पुस्तकांत ग्रेट ब्लॅक-हेडेड गल म्हणून सापडेल. मध्य आशियातून येतो, पंखांचा पसारा दीड मीटरच्या वर, आपल्याकडे येणाऱ्या गलमधला सगळ्यात दांडगा.

भिगवणवारी:
ताईंना अनुमोदन. दुसरी शंका एकच राहते, ह्युग्लिन्स किंवा स्टेप गलचं पिल्लू. तेही मोठे असतात आणि किनाऱ्यावर भरपूर दिसतात. पण पहिल्या हिवाळ्यात त्यांची पाठ तपकिरी, खवल्याखवल्यांची असते आणि चोच जवळपास सगळी काळी. पलासेसची पाठ मात्र पहिल्याच हिवाळ्यात राखाडी व्हायला लागते, पंखांवर तपकिरी तेवढं राहतं. पवईकरांनी पहिल्याच पोस्टमध्ये हे लिहिलंय, आपण कुणी नीट वाचलं नाही! कपाळही बघा, लांब उतरतं, चोचीत जाऊन मिळाल्यासारखं. आणि तलावावर दिसला म्हणून दचकू नका, आम्हाला उजनीच्या पाण्यावर नेहमी भेटतो. मोठ्यांचं डोकं फेब्रुवारीतच काळं व्हायला लागतं, तेव्हा काय रुबाब असतो.

खाडीकाठ:
मान्य, चुकलो. मी माप विचारलंच नाही, डाग बघून सुटलो. बाकी लाँचवर गाठ्या टाकून टाकून लोकांनी गलची ओळख 'गाठ्या खाणारा पांढरा पक्षी' एवढीच करून ठेवलीय, ते खाणं त्यांच्या पोटाचं नाही.

पवईकर:
सगळ्यांना थँक्यू! आज ऑफिसच्या आधी परत जाऊन आलो. गल नाही. घार मात्र त्याच खांबावर बसली होती, आणि पांढरं काहीतरी लांब पाण्यात दिसलं म्हणून दहा मिनिटं दुर्बीण लावून बसलो, या वेळी खरंच थर्माकोल निघालं.